हीटरची चिठ्ठी

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक रुपयाही उधळला गेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. जे घेतलं ते विचार करून घेतलं आणि जे नाही घेतलं तेही विचार करूनच. म्हणून तर मला त्या दिवसांकडे अजून धड बघता येत नाही. उधळेपणाने काही झालं असतं तर कानाला खडा लावला असता आणि मोकळी झाले असते.

ह्यांची नोकरी केंद्र सरकारची, म्हणजे दर तीन-चार वर्षांनी बदली. चंदीगड हे आमचं सहावं गाव. सोलापूरकडची माणसं आम्ही. थंडी म्हणजे पहाटे पायाशी चादर ओढायची, एवढीच आमची ओळख. पण सहा वेळा घर मांडून आणि पाच वेळा आवरून एक शहाणपण आलं होतं. ट्रकमध्ये चढवलेली प्रत्येक वस्तू पुन्हा उतरवावी लागते. त्यामुळे घेताना माणूस आपोआप हात राखून घेतो.

आमच्या घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. कुणालाही काही घ्यावंसं वाटलं की ते चिठ्ठीवर लिहायचं, डब्यात टाकायचं आणि महिनाभर थांबायचं. महिन्याने चिठ्ठी काढायची. तेव्हाही ती वस्तू हवीशी वाटली तर घ्यायची, आणि मग चांगल्यातली घ्यायची, घासाघीस करत बसायचं नाही. निम्म्या चिठ्ठ्या वाचून आमचं आम्हालाच हसू यायचं. लेकीने सातव्या वर्षी ‘घोडा’ लिहिलं होतं. महिन्याने विचारलं तर गंभीरपणे म्हणाली, “अजून हवाय.” तेवढ्यापुरता नियम मोडावा लागला.

ह्या डब्यातूनच तिची पेटी आली, चांगली कलकत्त्याच्या सुरांची. प्रत्येक बदलीच्या गावातून एक लांबचा प्रवास झाला. आणि बाकी सगळीकडे चटणी-भाकरी. जुन्या साड्यांचे पडदे, ह्यांच्या पँटींच्या पिशव्या. लोक म्हणायचे, चिकट बाई आहे. म्हणोत. आमच्या घरात नको असलेली एकही वस्तू नव्हती आणि हवी असलेली प्रत्येक होती, असं मी चारचौघांत मान वर करून सांगायची. इथल्या महाराष्ट्र मंडळात एकदा हळदीकुंकवाला मला ह्यावर बोलायलाही लावलं होतं. मी अर्धा तास बोलले. बायकांनी डब्याची युक्ती लिहून घेतली.

लेक पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. ऑक्टोबर होता, हवा छान होती. नोव्हेंबर लागला आणि आमच्या सरकारी क्वार्टरच्या लोखंडी खिडक्यांनी आपले गुण दाखवायला सुरुवात केली. एकही तावदान चौकटीत नीट बसत नव्हतं. फटींतून वारा असा यायचा की देवापुढचा दिवा टिकत नसे. लेकीने एक दिवस चिठ्ठी लिहून डब्यात टाकली. मला दाखवून टाकली. ‘तेलाचा हीटर. बाळासाठी. प्लीज.’

महिना डिसेंबरच्या सुरुवातीला भरला. आम्ही तिघं जेवायच्या टेबलाशी बसलो आणि मी चिठ्ठी काढली. हे म्हणाले, घेऊन टाकू, बाळ येतंय. मी म्हटलं, थांबा, नीट विचार करू. हीटर घेतला तर तो एकदा पैसे खाऊन गप्प बसणार नाही, महिन्याच्या महिन्याला विजेचं बिल खाणार. पुढची बदली चेन्नईला झाली तर काय, त्याच्यावर पापड वाळवायचे? त्यापेक्षा खिडक्या नीट करून घेऊ. सुतार बोलावून सगळ्या फटींना रबराच्या पट्ट्या मारू, एकदाच काय तो खर्च. आणि ऊब म्हणाल तर बाळंतिणीला शेगडी लागणारच आहे, ती घरात आहे.

लेक हसली. म्हणाली, “ठीक आहे आई. शेवटी तुझंच बरोबर निघतं.”

नाकारलेल्या चिठ्ठ्या मी फाडत नाही, पाठकोऱ्या वापरते. त्याच चिठ्ठीच्या मागे मी लिहिलं: रबरी पट्टी, खिळे, सुताराला फोन.

शेगडी माझ्या आईची. लहानशी, लोखंडी, तीन पायांची. माझ्या बाळंतपणात तिचाच शेक घेतला, लेकीला तिच्यावरच धुरी दिली आणि सहाही ट्रकांत ती सगळ्यांत शेवटी, हाताशी लागेल अशी चढली. आईने शिकवलेलं मला पाठ होतं. निखारे बाहेर फुलवायचे, धूर पुरता जाऊ द्यायचा, वर राखेचा पातळ थर आला की शेगडी आत आणायची. धूर बाळाच्या डोळ्यांना वाईट. धूर गेला की भीती गेली. ह्या शेवटच्या वाक्याबद्दल मला कधी शंकासुद्धा आली नाही. आईचं घर पत्र्याचं होतं, भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा होती, ही गोष्ट शेगडीच्या शिकवणीत कुणी सांगितलीच नव्हती.

बाळंतपणात मात्र मी हात आखडता घेतला नाही, कुणी तसं म्हणू नये. हळीव, डिंक, खारीक घरून मागवलं. साजूक तूप. शुद्ध लोकरीचं ब्लँकेट. दिवाणाखाली शेगडी सरकत नाही म्हणून पिंजौरच्या बाजारातून मुद्दाम चारपाई आणली, आमच्याकडच्या बाजेसारखी, खालून शेक लागणारी. कोळसा आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर झाडाखाली बसणाऱ्या इस्त्रीवाल्याकडून घ्यायची. त्याने पहिल्यांदा विचारलं, “अंदर जलाओगे?” मी म्हटलं, हो, नातू झालाय. त्याने पिशवी भरून दिली.

नातू झाला तेव्हा सूर्य दिसून चार दिवस झाले होते. असं धुकं पडलं होतं की समोरच्या ब्लॉकचे दिवे दुपारीही लागलेले असायचे. आम्ही त्याला घरी आणलं, आणि माझं काम सुरू झालं. सकाळी दोघांना तेल लावायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, बाळाला गुंडाळून लेकीच्या कुशीत द्यायचं, चारपाईखाली शेगडी सरकवायची, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या. खोलीभर वास पसरायचा. दोघं पाच मिनिटांत झोपायची. शेक अर्ध्या तासाचा असतो. पण निखारे तर दोन-अडीच तास टिकतात, ते पाणी मारून कशाला विझवायचे? खोली आयती गरम राहते. मी शेगडी तिथेच राहू द्यायची. हे माझं डोकं, आईचं नव्हे.

वरच्या मजल्यावर एक पंजाबी बाई राहत. आम्ही त्यांना भाभीजी म्हणायचो. बाळ बघायला आल्या, चारपाईखाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अंगीठी है? खिड़की तो खोल के रखो जी. हर साल सुनते हैं, पूरा-पूरा घर सोया रह जाता है.”

मला तो बोल बाळाच्या अंगावर आल्यासारखा वाटला. पंधरा दिवसांच्या लेकराच्या खोलीत कुणी असं अभद्र बोलतं? तशा बातम्या मीही वाचत होते. पण ती माणसं रात्रभर खोली तापवायला कोळसे पेटवून झोपतात. आमचं हे औषध होतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं, दिवसाउजेडी आणि माझ्या देखरेखीखाली. मी म्हटलं, “भाभीजी, हमारे यहाँ सदियों से करते हैं.” त्या गेल्यावर मी मीठमोहऱ्या ओवाळून बाळाची दृष्ट काढली आणि त्या मीठमोहऱ्याही त्याच शेगडीत टाकल्या.

खुणा होत्या. आता सगळ्या ओळीने दिसतात. रोज अकराच्या सुमाराला माझं डोकं दुखायचं, मी म्हणायची थंडी बाधली. लेकीला दोनदा मळमळलं, मी म्हटलं डिंकाचा लाडू जड झाला. बाळ एका वेळेला दूध प्यायला उठलं नाही, मी म्हटलं शेकाची झोप, अंगाला लागते. लेक म्हणाली, “आई, उठताना पायात जीवच नसतो गं.” मी म्हटलं, ओली बाळंतीण आहेस, पळायचंय कुठे? प्रत्येक प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर तयार होतं. उत्तरं चुकीची होती, पण मी इतक्या ठामपणे द्यायची की पुढे कुणी विचारत नसे.

तरीसुद्धा ते दिवस निभावले, कारण त्या खोलीची एक खिडकी राहिली होती. सुताराच्या पट्ट्या कमी पडल्या होत्या. मी त्याला तीन फोन केले, वेळेवर काम न करण्यावरून झापलंही. अठराव्या दिवशी संध्याकाळी तो आला आणि ती शेवटची खिडकी बंद करून गेला. मी फटींवरून हात फिरवून बघितला. कुठूनही वारा लागत नव्हता. मी खूश होऊन त्याला चहा दिला.

एकोणिसाव्या दिवशी त्या हिवाळ्यातली सगळ्यांत वाईट थंडी होती. हे ऑफिसला गेले. मी दोघांचं न्हाणं उरकलं, निखारे नेहमीपेक्षा मूठभर जास्त घेतले. रोज मी दार नुसतं लोटून घ्यायची. त्या दिवशी पक्कं लावलं आणि खाली उंबऱ्याशी जुनी साडी घडी करून सारली, कारण तेवढीच एक जागा उरली होती जिथून थंड हवा आत जात होती. मग स्वयंपाकघरात जाऊन हळिवाची खीर करायला घेतली. घर शांत होतं. बाळ रडत नव्हतं. मला आठवतंय, मी मनात म्हटलं, किती गुणी लेकरू आहे.

दहाच्या पुढे कधीतरी बेल वाजली. भाभीजी होत्या. हातात बाळंतिणीला देतात त्या पंजीरीचा स्टीलचा डबा, म्हणाल्या बेटीला गरम-गरम द्यायची आहे. मी दारातच म्हटलं, झोपली आहेत दोघं, ठेवून जा. त्या म्हणाल्या, एक मिनिट बाळाला बघते. मी म्हटलं, उठेल. माझा आवाज चढला होता. खरं सांगते, मला त्यांचा राग होता, त्या दिवशीच्या बोलण्याचा. त्यांना वाटेत थांबवायला मी हातसुद्धा आडवा केला. एवढी मी उद्धट नाही की पाहुणीला ढकलीन, पण हात आडवा केला हे खरं आहे.

त्यांची नजर खोलीच्या दाराखालच्या साडीवर गेली. माझा हात बाजूला करून त्या आत शिरल्या.

खोली उबदार होती. ओव्याचा वास होता. धूर कणभर नव्हता. लेक उताणी पडली होती, तोंड उघडं, आणि बाळ तिच्या हातातून खाली घरंगळून ब्लँकेटच्या कडेला आलं होतं. भाभीजींनी तिला हलवलं तर तिचा हात चारपाईवरून खाली पडला आणि तसाच राहिला. त्या खिडकीकडे धावल्या. खिडकी उघडेना. सुताराने काम चोख केलं होतं. त्यांनी पंजीरीचा डबा उचलला आणि तावदानावर मारला. दुसऱ्या दणक्याला काच फुटली. मी काय करत होते? मी दारात उभी होते आणि ‘अहो, गार हवा, गार हवा’ म्हणत होते. ते शब्द माझेच होते, मी ऐकले आहेत.

त्यांच्या गाडीतून आम्ही बत्तीस सेक्टरच्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. धुक्यात पुढची गाडी दिसत नव्हती. बाळ माझ्या मांडीवर होतं. गाल गुलाबी होते. गेला आठवडाभर मी येईल त्याला ते गाल दाखवत होते. मी त्याच्या तळपायाला टिचक्या मारत होते आणि ते रडत नव्हतं. आयुष्यात मी कुणाच्या रडण्याची एवढी वाट पाहिलेली नाही.

दोघांना ऑक्सिजन लावला. कोळशाच्या विषारी वायूला ना धूर असतो ना वास, आणि गाल गुलाबी तोच करतो, हे मला तिथे कळलं. लेक दुपारपर्यंत शुद्धीवर आली. बाळ त्याआधीच रडलं होतं, बारीक, मांजराच्या पिलासारखं. एका तरुण डॉक्टरीणबाईने लेकीला विचारलं, बंद खोलीत अंगीठी कुणी ठेवली? मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. लेकीने तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला आणि म्हणाली, “मैंने ही बोला था मम्मी को. मुझे ठंड लग रही थी.”

तिने हीटर मागितला होता. शेगडी तिने कधीच मागितली नव्हती.

सोडताना त्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला उलटंपालटं करून तपासलं. आत्ता सगळं ठीक दिसतंय, म्हणाल्या. पण एवढ्या लहान मेंदूला किती काळ हवा कमी मिळाली ते आज सांगता येत नाही. मान धरतो का, बसतो का, बोलतो का, ते वेळच्या वेळी बघत राहा. “बड़ा होगा तो पता चलेगा.”

घरी आलो तर खोलीत नवा हीटर होता. हे घेऊन आले होते, चिठ्ठीबिठ्ठी न टाकता. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी विळीचं पातं घेऊन सगळ्या खिडक्यांच्या पट्ट्या खरवडून काढल्या. आता वारा पुन्हा येतो आणि मी त्याला येऊ देते. बाळाला सव्वा महिना झाल्यावर जावई येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेले. भाभीजींना मी तावदानाच्या काचेबद्दल काही बोलले नाही, शेगडीबद्दलही नाही. एक दिवस वर गेले आणि त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी झटकन पाय मागे घेतले आणि चहा टाकला.

गेल्या हिवाळ्यात मंडळातल्या एकीने शेगडी मागितली, सुनेच्या बाळंतपणासाठी. मी म्हटलं, गंजली, टाकून दिली. घरी आले, पण ते खोटं तसंच ठेववेना. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तिच्या घरी गेले आणि चपला पायात असतानाच सगळं सांगितलं. अगदी हात आडवा केल्यापर्यंत. हळदीकुंकवाला माझं बोलणं लिहून घेणाऱ्यांत ती होती.

नातू आता अडीच वर्षांचा झाला. मान वेळेवर धरली, बसला वेळेवर, चालला जरा उशिरा. बोलत नाही. अजिबात नाही असं नाही, ‘ब’ म्हणतो, ‘मम्’ म्हणतो. माझी बहीण म्हणते, मुलगे उशिराच बोलतात. जावयांची आई म्हणते, घरात मराठी, पाळणाघरात हिंदी, गोंधळतं पोर. सगळ्यांकडे उत्तरं आहेत. मला उत्तरांची भीती वाटते.

डबा अजून आहे. त्यात सध्या एकच चिठ्ठी आहे, ती पाठकोरी. एका बाजूला लेकीचं अक्षर, दुसऱ्या बाजूला माझं. फेकवत नाही आणि वाचवतही नाही.

काल लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तो तिच्या मांडीवर होता, मला बघून हसला, बोटाने दाखवलं. मी म्हटलं, “बोल, आजी. आ-जी.” त्याने माझ्या तोंडाकडे नीट लक्ष देऊन बघितलं, ओठ हलवले, आणि मग खेळण्यातल्या गाडीकडे वळला. लेकीने फोन स्वतःकडे फिरवला. आजच बोलण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं, म्हणाली. त्या बाई काय म्हणाल्या, मी विचारलं. तिने जे उत्तर दिलं ते आमच्या घरात आयुष्यभर मीच इतरांना ऐकवत आले, म्हणून ते म्हणताना तिने नजर खाली वळवली.

“त्या म्हणाल्या, घाई नको. अजून महिनाभर थांबून बघू.”